मानसशास्त्र, इतिहास की अर्थशास्त्र? पदवीचा विषय ठरवण्याआधी काय तपासायचं

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: शाळेचं शेवटचं वर्ष चालू आहे, अर्ज भरायला चार महिने आहेत, आणि मनात मानसशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास आणि राज्यशास्त्र असे चार विषय घोळताहेत. घरच्यांचं म्हणणं, हेच करायचं असेल तर निदान अर्थशास्त्र तरी घे. गणित जमतं, पण आवडत नाही. आणि शेवटी विचारलंय, "यातल्या कुठल्या विषयाला पुढे सगळ्यात जास्त वाव आहे?"

वावाबद्दल बोलूच, पण त्याआधी एक गाठ सोडवायला हवी. हे चारही विषय एकाच कुतूहलातून आवडू लागतात: माणसं अशी का वागतात आणि समाज असा का घडला. म्हणून "आपली आवड कशात आहे?" असं स्वतःला विचारलं की चारही विषयांपुढे बरोबरची खूण होते आणि माणूस होता तिथेच राहतो. विद्यापीठात गेल्यावर मात्र हेच विषय एकमेकांपासून फार लांब जातात, कारण पुरावा गोळा करायची आणि तपासायची प्रत्येकाची रीत वेगळी आहे. तीन-चार वर्षं रोज ती रीतच शिकायची असते. तेव्हा मी तुमचा प्रश्न असा मांडेन: कुठल्या प्रकारचं काम तुम्ही कंटाळा आलेल्या दिवशीही करू शकाल?

स्थलांतर हा एकच विषय घेऊन बघा. इतिहासाचा विद्यार्थी जहाजांच्या प्रवासी-याद्या, जनगणनेची जुनी पानं आणि घरी पाठवलेली पत्रं घेऊन बसेल. अर्ध्या नोंदी गहाळ असतील, एकच नाव तीन प्रकारे लिहिलेलं असेल, आणि एवढ्यावरून काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही हे ठरवणं हेच त्याचं काम. समाजशास्त्राचा विद्यार्थी काही शे लोकांकडून प्रश्नावली भरून घेईल, किंवा वीसेक जणांच्या लांब मुलाखती घेईल: आधी गेलेल्यांच्या ओळखीने काम कसं मिळतं, आणि कुणाला ती ओळखच नसते. मानवशास्त्राचा विद्यार्थी त्यांच्यातच जाऊन राहील, त्यांची भाषा शिकेल आणि रोज रात्री टिपणं लिहील. अर्थशास्त्राचा विद्यार्थी दोन ठिकाणच्या मजुरीतला फरक, प्रवासाचा खर्च आणि काम न मिळण्याची शक्यता यांचं समीकरण मांडून ते हजारो कुटुंबांच्या आकडेवारीवर तपासेल. राज्यशास्त्राचा विद्यार्थी नागरिकत्वाचे कायदे, पक्षांच्या भूमिका आणि मतदान यांची तीन-चार देशांत तुलना करेल. मानसशास्त्राचा विद्यार्थी नव्या जागी जुळवून घेतानाचा ताण मोजायला मापनश्रेणी वापरेल आणि दोन गटांतला फरक निव्वळ योगायोगाचा नाही ना, हे संख्याशास्त्राने पडताळेल. भाषाशास्त्राचा विद्यार्थी आजी, आई आणि नात यांची बोलणी ध्वनिमुद्रित करून तीन पिढ्यांत भाषा कशी सरकली ते शोधेल. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी विचारेल की राज्याला सीमा बंद करण्याचा नैतिक हक्क आहे का, आणि मुळात इथे "हक्क" म्हणजे काय.

वरचा परिच्छेद वाचताना कुठे रेंगाळावंसं वाटलं आणि कुठे डोळे पुढे सरकले, ते आत्ताच कागदावर लिहून ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

आता तुमच्या यादीतले विषय. मानसशास्त्रापासून सुरुवात करते, कारण इथे अपेक्षा आणि प्रत्यक्ष अभ्यास यांत सगळ्यात मोठी दरी असते. बहुतेक मुलं समुपदेशनाच्या ओढीने येतात. पण जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म वुंट यांनी 1879 साली लाइपझिगमध्ये मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली तेव्हापासून या विषयाने स्वतःला प्रायोगिक शास्त्र मानलं आहे, आणि पदवीचा आराखडा त्यावरच उभा असतो. पहिल्या वर्षी संख्याशास्त्राचा पाया: मध्यमान म्हणजे सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध, टी-चाचणी (दोन गटांच्या सरासऱ्यांची तुलना). मग अनोव्हा (दोनाहून जास्त गटांची तशीच तुलना), प्रतिगमन (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज), प्रयोगाची रचना. जोडीला चेतापेशी आणि मेंदूचे भाग, स्मृती आणि अवधान यांवरचे प्रयोग, आणि ठरावीक साच्यात लिहायचे प्रयोगवृत्तान्त. समुपदेशन बहुतेक ठिकाणी शेवटच्या वर्षातला एखादा ऐच्छिक पेपर असतो. शिवाय नुसत्या पदवीवर कुणी चिकित्सक होत नाही. त्याला पदव्युत्तर व्यावसायिक प्रशिक्षण, देखरेखीखालचं काम आणि अनेक देशांत नोंदणी लागते. हा रस्ता पदवीनंतर आणखी काही वर्षांचा आहे, हे पैशांचा हिशोब करताना आजच धरा.

मानसशास्त्राचा अभ्यासक्रम किती ताजा आहे हे ओळखायची एक खूण सांगते. 2015 साली संशोधकांच्या एका मोठ्या गटाने मानसशास्त्राच्या नियतकालिकांत छापून आलेले 100 अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी 97 टक्क्यांचे निष्कर्ष संख्याशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता न येणारे होते, पुन्हा केल्यावर ते प्रमाण 36 टक्क्यांवर आलं. यातून विषय शिकवण्याची पद्धत बदलली: नमुना पुरेसा मोठा घेणं, प्रयोग करण्याआधीच आपला अंदाज नोंदवून ठेवणं, आकडेवारी खुली करणं. पद्धतींच्या पेपरात या गोष्टींचा उल्लेखही नसेल आणि पन्नास वर्षांपूर्वीचे गाजलेले प्रयोग जसेच्या तसे शिकवले जात असतील, तर तो विभाग मी यादीत खाली ढकलेन.

अर्थशास्त्राबद्दल घरच्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही, पण अर्धंच आहे. अर्थशास्त्राच्या पदव्या दोन जातींच्या असतात. एकीत कलन (कॅल्क्युलस) आणि रेषीय बीजगणित सक्तीचं असतं, दुसऱ्या वर्षाचं सूक्ष्म अर्थशास्त्र मर्यादांच्या आत इष्टतम मूल्य शोधण्याच्या गणितावर चालतं, आणि अर्थमितीचे, म्हणजे आर्थिक आकडेवारीवर संख्याशास्त्र वापरण्याचे, किमान दोन पेपर असतात. दुसरीत आलेख आणि शब्दांवर भागतं. दुसरी सोपी वाटते, पण चांगल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज करताना हेच गणित मागतात आणि ते नसलं की दार तिथेच बंद होतं. घरचे ज्या वावाबद्दल बोलतात तो मुख्यतः पहिल्या जातीच्या पदवीला आहे. त्यांच्याशी बोलताना हा फरक त्यांच्यापुढे मांडा.

"गणित जमतं पण आवडत नाही" यावर लगेच नकाराचा शिक्का मारू नका. शाळेतल्या गणितात उदाहरणामागून उदाहरण सोडवण्याचा कंटाळा असतो, तसा कंटाळा अर्थशास्त्रात येईलच असं नाही. स्वतःला हे विचारा: एखाद्या गुंतागुंतीच्या मानवी परिस्थितीतून कुणी तीन गृहीतकं ठेवली आणि बाकी सगळं बाजूला केलं, तर तुम्हाला हायसं वाटतं की चीड येते? हायसं वाटत असेल तर अर्थशास्त्राला संधी द्या. "पण जे बाजूला केलं तेच तर महत्त्वाचं होतं" असं वाटत असेल तर इतिहास किंवा मानवशास्त्र तुमच्या जवळचं आहे. अनिर्णित विद्यार्थ्यांना मी विचारते त्या सगळ्या प्रश्नांत हा सर्वात उपयोगी ठरतो, कारण याचं उत्तर देताना लोक फारसा विचार करत नाहीत आणि ते बहुधा खरं असतं.

गणित टाळायचं म्हणून अर्थशास्त्र सोडून मानसशास्त्र घेणारे मात्र पहिल्याच सत्रात संख्याशास्त्रापुढे येऊन उभे राहतात. समाजशास्त्र आणि राज्यशास्त्रातही आता बऱ्याच ठिकाणी एक-दोन पेपर संख्याशास्त्राचे असतातच. हे संख्याशास्त्र शाळेतल्या बीजगणितापेक्षा वेगळं आहे. हातचे हिशोब कमी, आणि "हा आकडा मला नेमकं काय सांगतो, काय सांगत नाही" याची समज जास्त. गणिताची भीती असलेली पुष्कळ मुलं यात चांगली तयार होतात. हा पेपर चुकवता येईल का, असं शोधत बसण्यापेक्षा तो नीट शिकवणारा विभाग शोधा.

इतिहासात मुलं गोष्टींच्या प्रेमाने येतात आणि वादांमध्ये जाऊन पडतात. पदवीच्या इतिहासात "काय घडलं" याला कमी जागा असते. त्याच घटनेबद्दल तीन इतिहासकार वेगवेगळं का सांगतात, कुणाचं साधन भक्कम आहे आणि कुणी साधनावर पेलवणार नाही इतका भार टाकला आहे, यातच दिवस जातात. एका पेपरासाठी आठवड्याला शंभर-दीडशे पानं वाचायची तयारी हवी, आणि असे तीन-चार पेपर एकाच वेळी चालतात. मग लेखन: दोन-अडीच हजार शब्दांचे निबंध, एकामागून एक. इतिहासात आणखी एक गोष्ट मुलांना फार उशिरा कळते, ती म्हणजे भाषा. ज्या काळाचा आणि प्रदेशाचा अभ्यास करायचा त्याची भाषा आणि लिपी येत नसेल तर अस्सल साधनं तुमच्यासाठी कुलूपबंद असतात, आणि दुसऱ्याच्या भाषांतरावर फार पुढे जाता येत नाही. कामापुरती भाषा यायला दोन-तीन वर्षं सहज जातात. म्हणून इतिहास घेणार असाल तर भाषेचा पेपर पहिल्या सत्रापासून घ्या, तिसऱ्या वर्षाची वाट बघू नका.

राज्यशास्त्र म्हणजे बातम्यांवरची चर्चा नव्हे, एवढं लक्षात आलं तरी निम्मं काम झालं. त्यात राजकीय सिद्धांत, तौलनिक राजकारण, आंतरराष्ट्रीय संबंध आणि लोकप्रशासन ही चार दालनं बहुतेक सगळीकडे असतात आणि त्यांचे स्वभाव फार वेगळे आहेत. सिद्धांत तत्त्वज्ञानाच्या जवळ जातो, तौलनिक राजकारण संख्याशास्त्राच्या, आंतरराष्ट्रीय संबंध इतिहासाच्या. आंतरराष्ट्रीय संबंधांचं पहिलं अध्यासन, म्हणजे खास त्या विषयाचं प्राध्यापकपद, 1919 साली वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथला निघालं, ते पहिल्या महायुद्धाच्या पार्श्वभूमीवर, असं युद्ध पुन्हा होऊ नये या ध्यासातून. त्यामुळे "युद्धं का होतात" या प्रश्नाने तुम्ही झपाटले असाल तर हे दालन तुमचं आहे. फक्त रोजच्या राजकारणात रस असेल, तर पहिल्या वर्षी सिद्धांताचा पेपर कोरडा वाटेल. दुसऱ्या वर्षी तो आवडू लागण्याची शक्यता असते, पण खात्री नाही.

समाजशास्त्राची ओळख करून द्यायला फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमचं आत्महत्यांवरचं 1897 चं काम अजूनही सगळ्यात सोयीचं आहे. माणसाची सर्वांत खासगी वाटणारी कृती, पण तिचं प्रमाण धर्म, विवाह, मुलंबाळं यांनुसार गटागटांत बदलतं, आणि ते वर्षानुवर्षं बरंचसं तसंच राहतं, हे त्याने आकडेवारीतून दाखवलं. त्याचे काही निष्कर्ष पुढे वादात सापडले, तरी प्रश्न विचारण्याची ती तऱ्हा टिकली. "ही अडचण एकट्या माणसाची दिसते, पण तिला एक सामाजिक आकार आहे" हा विचार तुम्हाला खेचत असेल तर समाजशास्त्र घ्या. सावधगिरी एवढीच की विभागाविभागांत सर्वांत जास्त फरक याच विषयात असतो. कुठे पूर्ण भर सिद्धांतावर, कुठे सर्वेक्षणावर, कुठे मुलाखतींवर. नाव एकच, पण पदव्या तीन.

मानवशास्त्र आणि भाषाशास्त्र तुमच्या यादीत नाहीत. आवड नाही म्हणून नाहीत, की शाळेत हे विषय नसतात म्हणून? मानवशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर दीर्घ मुक्काम करून क्षेत्रकार्याची, म्हणजे लोकांत राहून अभ्यास करण्याची, जी पद्धत रूढ केली, ती आजही मानवशास्त्राचा कणा आहे. भाषाशास्त्र म्हणजे भाषा शिकणं नव्हे. ध्वनी, शब्द आणि वाक्यं यांच्यामागचे नियम शोधण्याचं ते काम आहे, आणि कोडी सोडवणाऱ्यांना ते फार मानवतं. 2003 पासून शालेय विद्यार्थ्यांसाठी आंतरराष्ट्रीय भाषाशास्त्र ऑलिंपियाड होतं. त्याचे जुने प्रश्न मोफत उपलब्ध आहेत आणि ते सोडवायला आधीची कुठलीच माहिती लागत नाही. एक संध्याकाळ त्यांना देऊन बघा.

हे सगळं माझ्या सांगण्यावरून मान्य करू नका, करून पाहा. चार महिन्यांत प्रत्येक विषयाला आठ तास देणं जमण्यासारखं आहे. पाच विषय धरले तरी चाळीस तास होतात. पहिले तीन तास पदवीच्या पहिल्या वर्षाचं पाठ्यपुस्तक वाचा. लोकप्रिय पुस्तक किंवा व्हिडिओ नको, कारण त्यात विषयाचं फळ दिसतं, मेहनत दिसत नाही. पाठ्यपुस्तकातही प्रस्तावना सोडा आणि संशोधन पद्धतीचं प्रकरण काढा. तिथे कंटाळा आला तर तो पुढेही येणार आहे.

पुढचे चार तास त्या विषयाचं छोटं काम करा. इतिहासासाठी एखादं जुनं पत्र किंवा सरकारी नोंद घ्या आणि पाच प्रश्नांची उत्तरं लिहा: कुणी लिहिलं, कुणाला, कधी, कशासाठी, आणि काय लिहायचं टाळलं. समाजशास्त्रासाठी एका व्यक्तीची तीस मिनिटांची मुलाखत ध्वनिमुद्रित करा, अर्थात परवानगी घेऊन, आणि ती शब्दशः उतरवा. हाताने उतरवायला ध्वनिमुद्रणाच्या किमान चौपट वेळ लागतो, म्हणजे तुमचे दोन तास तिथेच जातील. उरलेल्या वेळात त्यातली पुन्हा पुन्हा येणारी सूत्रं शोधा. मानसशास्त्रासाठी संख्याशास्त्राच्या प्रकरणातली दहा उदाहरणं सोडवा आणि प्रत्येक उत्तराचा अर्थ एका वाक्यात लिहा. अर्थशास्त्रासाठी मागणीची लवचीकता (किंमत बदलली की मागणी किती बदलते) आणि साध्या अवकलजाची (डेरिव्हेटिव्ह) दहा उदाहरणं. राज्यशास्त्रासाठी दोन देशांच्या निवडणूक पद्धती शेजारी मांडा आणि पक्षांची संख्या वेगळी का आहे याची दोन स्पष्टीकरणं द्या, मग त्यातलं कुठलं कसं खोटं ठरवता येईल तेही लिहा.

शेवटचा एक तास जुन्या प्रश्नपत्रिकांना. बऱ्याच विद्यापीठांच्या प्रश्नपत्रिका मिळतात. अंतिम वर्षाच्या घ्या, कारण पहिल्या वर्षाच्या सगळीकडे सारख्याच दिसतात. उत्तर येतं का हे बघू नका, यातल्या किती प्रश्नांची उत्तरं जाणून घ्यावीशी वाटतात ते मोजा. दहापैकी सहा-सात प्रश्नांवर डोकं लगेच चालू लागलं तर विषय तुमचा. एक किंवा दोनच निघाले तर नाव कितीही आवडतं असलं तरी थांबा.

विषय दोनावर आला की अभ्यासक्रमपत्रिका उघडा. आधी श्रेयांक (क्रेडिट) मोजा. युरोपच्या पद्धतीत एका वर्षाचे 60 श्रेयांक आणि पदवीचे 180 किंवा 240 असतात. एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचे 25 ते 30 तासांचे काम, म्हणजे वर्षाला 1500 ते 1800 तास. यात वर्गातले तास थोडे, वाचन-लेखनाचे जास्त. अमेरिकी पद्धतीत पदवी साधारण 120 श्रेयांकांची असते आणि मुख्य विषय त्यातला चौथा ते तिसरा हिस्सा व्यापतो. इंग्लंडमध्ये तीन वर्षांचे 360, आणि बरेचदा जवळजवळ सगळे एकाच विषयाचे. यावरून एक मोठा फरक कळतो: काही ठिकाणी अर्ज करतानाच विषय पक्का करावा लागतो, काही ठिकाणी दुसऱ्या वर्षापर्यंत वाट बघता येते. तुम्ही अजून डळमळीत असाल तर दुसऱ्या प्रकारची पद्धत तुमच्या फायद्याची. पण एक वर्ष जास्त लागलं तर तो खर्च झेपेल का, हे तुमच्या घरच्या परिस्थितीवर आहे आणि ते मी इथून ठरवू शकत नाही.

मग संशोधन पद्धतींचे पेपर शोधा. किती आहेत, सक्तीचे आहेत का, कुठल्या वर्षी आहेत? दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत दोन तरी सक्तीचे असावेत. तिसऱ्या वर्षी एकच असेल तर त्याच वर्षीचा लघुप्रबंध विद्यार्थी पद्धत न शिकताच लिहितात, आणि तो तसाच दिसतो. लघुप्रबंध आहे की नाही हेही बघा. आठ-दहा हजार शब्दांचं एक स्वतंत्र काम हातात असणं पुढच्या प्रवेशाला आणि नोकरीलाही उपयोगी पडतं. मूल्यमापन पूर्ण लेखी परीक्षेवर आहे की निबंध, प्रकल्प आणि परीक्षा यांत विभागलेलं? वर्षभर सातत्याने काम करणाऱ्याला दुसरी पद्धत मानवते, शेवटच्या महिन्यात झपाटून अभ्यास करणाऱ्याला पहिली. ऐच्छिक विषयांची लांबलचक यादी बघून हुरळू नका. कागदावर तीस विषय असतात, त्यातले एका वर्षी आठ-दहाच चालतात. विभागाला सरळ मेल करा आणि विचारा: गेल्या दोन वर्षांत कुठले ऐच्छिक विषय प्रत्यक्ष चालले, चर्चासत्रात साधारण किती विद्यार्थी असतात, विषय बदलायची मुदत कधीपर्यंत असते, आणि लघुप्रबंधाला मार्गदर्शक कसा ठरतो. उत्तर मुद्देसूद आलं तर विभाग चांगला चालतो असं समजायला हरकत नाही.

क्रमवारीवर फार वेळ घालवू नका. विद्यापीठांच्या जागतिक क्रमवाऱ्यांत संशोधनाचे उद्धरण-आकडे (इतर संशोधकांनी त्याचा किती वेळा आधार घेतला) आणि नावलौकिकाची सर्वेक्षणं यांना मोठं वजन असतं. पहिल्या वर्षाला कोण शिकवतं आणि निबंध तपासून किती सविस्तर शेरे देतं, हे त्यातून कळत नाही.

आता एक नियम, जो मला या सगळ्यात सर्वात मोलाचा वाटतो. काही विषय जिन्यासारखे असतात: अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, परकी भाषा, बऱ्याच अंशी मानसशास्त्र आणि तर्कशास्त्र. पहिली पायरी चुकली तर दुसरीवर चढता येत नाही. काही विषय अंगणासारखे असतात: इतिहास, साहित्य, समाजशास्त्र, राज्यशास्त्राचा मोठा भाग. त्यात दुसऱ्या वर्षीही शिरता येतं, थोडं जास्त वाचावं लागतं इतकंच. म्हणून निर्णय होत नसेल तेव्हा पहिल्या वर्षी जिन्याचा विषय घ्या आणि अंगणाचा जोडीला ठेवा. अर्थशास्त्रातून वर्षाने इतिहासात जाणं बहुतेक ठिकाणी जमतं. इतिहासातून वर्षाने अर्थशास्त्रात यायचं तर पहिलं वर्षच पुन्हा करावं लागतं.

दोन विषयांची संयुक्त पदवी हा मोहाचा पर्याय आहे आणि कधीकधी योग्यही. पण आधी तीन गोष्टी तपासा. दोन्ही विभागांची वेळापत्रकं एकमेकांवर आदळतात का. पद्धतींचे पेपर दोन्हीकडचे सक्तीचे आहेत का, कारण तसं असेल तर आवडीच्या ऐच्छिक विषयांना जागाच उरत नाही. आणि मानसशास्त्र त्यातला एक असेल, तर पुढच्या व्यावसायिक प्रशिक्षणाला लागणारे श्रेयांक संयुक्त पदवीत पुरे होतात का. या तिसऱ्या मुद्द्यावर दरवर्षी कुणी ना कुणी अडकतं आणि मग ती कमतरता भरून काढणारा एक वर्षाचा रूपांतर अभ्यासक्रम करावा लागतो. "ग्लोबल", "समकालीन", "समाज आणि माध्यमे" अशा आकर्षक नावांच्या नव्या पदव्यांनाही हीच कसोटी लावा: पद्धत कुठली शिकवतात? उत्तर सापडलं नाही तर ती पदवी सोडून द्या.

वावाचं काय? आधी परवान्याची कामं वेगळी काढा. चिकित्सक मानसशास्त्रज्ञ, वकील, शाळाशिक्षक, समाजकार्यकर्ता यांना ठरावीक पदवी किंवा नोंदणी लागते आणि तिचे नियम देशागणिक बदलतात. जिथे काम करायचं तिथल्या नियामक संस्थेचं पान आज उघडा आणि पात्रता शब्दशः वाचा. यातलं काही तुमचं ध्येय असेल तर विषयाची निवड तिथूनच उलटी ठरवावी लागेल. बाकीच्या कामांत, म्हणजे प्रशासन, पत्रकारिता, संशोधन संस्था, धोरण, प्रकाशन, बाजार संशोधन, मनुष्यबळ, या शाखांतल्या कुठल्या विषयाची पदवी आहे यावर फारसं अडत नाही. तिथे विचारतात की तुम्हाला काय करता येतं. उत्तर द्यायला पदवी संपताना तीन गोष्टी हातात हव्यात: आकडेवारी हाताळता येणं (आर हे सॉफ्टवेअर मोफत आहे, त्यात सर्वेक्षणाची फाइल उघडून तक्ता आणि आलेख काढण्याइतकं तरी), मातृभाषेपलीकडे एका भाषेत व्यवस्थित लिहिता-वाचता येणं, आणि स्वतः केलेलं एक लांब, तपासलेलं काम. इतिहास घेऊन या तिन्ही गोष्टी कमावलेली व्यक्ती नुसतं गुणपत्रक घेऊन आलेल्या अर्थशास्त्राच्या पदवीधराच्या पुढे जाऊ शकते. न कमावलेली मात्र खरोखर अडचणीत येते, आणि मानव्यविद्यांना वाव नाही ही समजूत बरीचशी तिथूनच आली आहे.

तुमच्यापुरतं सांगायचं तर, तुमच्या चार विषयांत मला दोन जोड्या दिसतात. मानसशास्त्र आणि समाजशास्त्र ही मोजण्याकडे आणि मुलाखतींकडे झुकणारी, इतिहास आणि राज्यशास्त्र ही कागदपत्रांकडे आणि तुलनेकडे झुकणारी. आठ तासांचा प्रयोग आधी प्रत्येक जोडीतल्या एका विषयावर करा: मानसशास्त्र आणि इतिहास. त्यातून जोडी ठरली की तिच्यातल्या दुसऱ्या विषयावर करा. अर्थशास्त्राचे आठ तासही प्रामाणिकपणे द्या, म्हणजे घरच्यांशी बोलताना "आवडत नाही" ऐवजी "हे करून पाहिलं, इथे अडलं" असं सांगता येईल. निकाल काहीही लागला तरी पहिल्या वर्षी संख्याशास्त्राचा एक पेपर घ्या. आणि वर्ग सुरू झाल्यावर विषय बदलण्याची मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा, बहुतेक ठिकाणी ती पहिल्या काही आठवड्यांतच संपते. मुदतीच्या आठवडाभर आधी पुन्हा त्या अंतिम वर्षाच्या प्रश्नपत्रिका काढून बसा आणि मोजलेला आकडा वाढलाय की घटलाय ते बघा.